शाफ्ट पन्नासचा, पण नेमका किती?

१ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि सातपाटीच्या खाडीत बोटी ओळीनं लागतात. काही शाकारल्या जातात, काहींचं लाकूडकाम निघतं, आणि ज्या बोटीचं इंजिन हंगामभर कुरकुरत होतं तिचं इंजिन उघडलं जातं. ३१ जुलैपर्यंतचे हे दोन महिने शाफ्ट, बुश, लायनर आणि क्रँकचे असतात. पंख्याचा शाफ्ट बाहेर काढून पालघरला किंवा बोईसरच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवर नेतात. टर्नर विचारतो, "साइज काय?" उत्तर येतं, "पन्नासचा आहे."

पन्नासचा हे त्या शाफ्टचं नाव झालं. माप अजून कुणी घेतलेलंच नसतं. नवा होता तेव्हाही तो नेमका पन्नास मिलिमीटर नव्हता. तसा असता तर पन्नासच्या बुशात मोकळा फिरलाच नसता. आणि आता तर ग्लँडच्या पॅकिंगखाली, बुशाच्या तोंडाशी, तो जागोजागी वेगवेगळा झिजलेला आहे. नवा बुश करायचा तर शाफ्ट कुठे किती उरलाय ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगावं लागतं. ते सांगणारी अवजारं कशी निवडायची, हा या लेखाचा विषय. उदाहरण बोटीचं घेतलं आहे, पण तारापूरच्या एखाद्या कारखान्यात पंप नाहीतर गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या फिटरलाही यातलं सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

अवजार घ्यायला निघताना आधी कामाकडे बघावं. किती फरक पडला तर काम बिघडेल, हा पहिला प्रश्न. बोट बांधणारा वाडी सुतात बोलतो. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. फळीला ते पुरतं. जुना फिटर थाउमध्ये बोलतो. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. आणि ड्रॉइंगवर मायक्रॉन असतात. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर. एकाच बोटीवर ही तिन्ही मापं चालतात आणि तिन्हींसाठी अवजारं वेगळी लागतात.

आता आकडे घालून बघू. बुशात शाफ्ट मोकळा फिरावा म्हणून सर्रास वापरला जाणारा एक मेळ आहे, एच ८ – एफ ७. पन्नासच्या शाफ्टसाठी त्याचा अर्थ असा: बुशाचं भोक ५०.००० ते ५०.०३९ मिमी, आणि शाफ्ट ४९.९५० ते ४९.९७५ मिमी. म्हणजे शाफ्टला चुकण्याची मुभा एकूण २५ मायक्रॉनची, जेमतेम एका थाउची. बोटीच्या पंख्याकडचा बुश याहून सैलही ठेवतात. तो ग्रीसवर चालतो की पाण्यावर, रबराचा आहे की गन मेटलचा, यावर ते ठरतं, आणि आकडा बुश बनवणाऱ्याच्या किंवा इंजिनच्या पुस्तकातूनच घ्यावा. पण मुभा किती, हे एकदा कळलं की कारखान्यांतला जुना नियम लावता येतो: अवजाराची चूक मुभेच्या दहाव्या हिश्शात असावी, अगदीच जमत नसेल तर चौथ्या हिश्शात. २५ मायक्रॉनची मुभा असेल तर अवजार अडीच मायक्रॉनच्या आसपास खरं बोलणारं हवं, फार तर सहा.

या कसोटीवर सगळ्यांच्या खिशात असणारं व्हर्नियर लावून बघा. व्हर्नियरची गंमत साधी आहे. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर घेऊन सरकत्या पट्टीवर त्यांचे ५० भाग केलेले असतात. म्हणजे सरकत्या पट्टीचा एक भाग ०.९८ मिमी, मुख्य पट्टीचा १ मिमी, फरक ०.०२. कुठली रेघ कुठल्या रेघेशी जुळली ते बघून आपण तेवढा बारीक फरक वाचतो. पण ०.०२ वाचता येणं आणि ०.०२ पर्यंत खरं असणं या दोन गोष्टी आहेत. चांगल्या व्हर्नियरची स्वतःची चूक २० ते ३० मायक्रॉन धरावी लागते. त्याने शाफ्ट ४९.९६ दाखवला तर खरा शाफ्ट ४९.९३ ते ४९.९९ च्या मध्ये कुठेही असू शकतो. आपली मुभा २५ मायक्रॉनची, आणि अवजाराचा संशयच साठ मायक्रॉनचा! डिजिटल घेतलं म्हणून हे बदलत नाही. पडद्यावर ०.०१ दिसतो, पण नामांकित कंपनीच्या १५० मिमीच्या डिजिटल व्हर्नियरचीसुद्धा चूक साधारण ०.०२ मिमी असते, आणि ती कंपनी तसं छापूनही देते.

यामागचं कारण व्हर्नियरच्या घडणीतच आहे. पट्टी एका रेषेत आणि जॉब जबड्यांत, त्या रेषेपासून दोन-चार सेंटिमीटर खाली. अंगठ्याने जरा जास्त दाबलं की सरकता जबडा किंचित तिरपा होतो, आणि जॉब पट्टीपासून जितका दूर तितकी ती चूक मोठी होते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अॅबे यांनी १८९० मध्ये हे तत्त्व मांडलं: मोजायची लांबी आणि मोजणारी पट्टी एकाच रेषेत असाव्यात. म्हणून व्हर्नियर वापरताना जॉब जबड्यांच्या टोकाशी न धरता शक्य तेवढा पट्टीजवळ, आत धरावा. एवढ्यानेच माप सुधारतं.

तरीही मी व्हर्नियरला दुय्यम म्हणणार नाही. लांबी, खोली, बोल्टचा आटा, फ्लँजची जाडी, भोकांमधलं अंतर, सगळं तेच करतं. आणि शाफ्टवर एक जागा अशी आहे जिथे मायक्रोमीटर फसतो आणि व्हर्नियर खरं सांगतं. ग्लँडचं पॅकिंग शाफ्टवर अरुंद चर पाडतं. मायक्रोमीटरच्या तोंडाचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर असतो. चर त्याहून अरुंद असला तर तोंड चराच्या दोन्ही काठांवर टेकून बसतं आणि शाफ्ट धडधाकट असल्याचं माप देतं. व्हर्नियरच्या जबड्याची टोकाकडची पातळ धार मात्र चरात उतरते. शाफ्ट भरून घ्यायचा की बदलायचा, हा निर्णय कधी कधी त्या धारेवरच होतो.

बाकी सगळ्या व्यासांसाठी मायक्रोमीटर. पॅरिसच्या पाल्मर यांनी १८४८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: अर्ध्या मिलिमीटरच्या पिचचा अचूक स्क्रू, आणि त्याच्या थिंबलवर ५० भाग. एक फेरा अर्धा मिलिमीटर, एक भाग ०.०१. जॉब, स्क्रू आणि माप एकाच रेषेत असतात, म्हणजे अॅबेचं म्हणणं इथे पाळलेलं असतं. बाहीवर ४९.५ ची रेघ उघडी पडली आणि थिंबलवर ४६ वी रेघ जुळली की ४९.९६. चांगल्या मायक्रोमीटरची चूक दोन-तीन मायक्रॉनची. आपल्या शाफ्टच्या कसोटीला तो उतरतो.

मायक्रोमीटर निवडताना सगळ्यात जास्त गल्लत होते ती रेंजमध्ये. ते ०–२५, २५–५०, ५०–७५ असे येतात. आपला शाफ्ट नेमका पन्नासच्या कडेवर आहे. झिजलेला शाफ्ट २५–५० मध्ये मावेल, पण बुशासाठी ५०.०२ बघायचं तर ५०–७५ लागेल. आपल्या गावच्या बोटींचे शाफ्ट, क्रँकचे जर्नल, पिस्टनच्या पिना कुठल्या मापाच्या आहेत त्यांची यादी करून मगच रेंज ठरवावी. शंभर मिलिमीटरपर्यंत बदलत्या तोंडांचा एकच मायक्रोमीटर मिळतो आणि स्वस्तही पडतो. मी तो घेऊ नका असंच सांगेन. तोंड बदललं की दर वेळी शून्य नव्याने बसवावा लागतो, आणि घाईत तेच राहून जातं.

२५ च्या वरच्या प्रत्येक मायक्रोमीटरबरोबर डबीत एक दांडी येते, २५ ची, ५० ची. ती शून्य तपासायला असते. कित्येक वर्कशॉपमध्ये ती दांडी पहिल्या महिन्यातच हरवते आणि मायक्रोमीटर नुसत्या विश्वासावर चालतो. दांडी हरवली तर नवी घ्यावी, किंवा एखादा गेज ब्लॉक घ्यावा. स्वीडनच्या योहान्सन यांनी १८९६ मध्ये शोधलेले हे पोलादी ठोकळे आजही जगभरच्या लांबीच्या मापांचा आधार आहेत. पूर्ण संच महाग पडतो, पण २५ आणि ५० चे दोन ठोकळे ठेवले तरी आपल्या सगळ्या अवजारांना जाब विचारता येतो.

हात कसा चालतो तेही सांगतो. आधी दोन्ही तोंडांमध्ये स्वच्छ कोरा कागद धरून हलकेच ओढून काढावा. तेलाचा आणि धुळीचा थर निघतो. मग शून्य. मग जॉब. शेवटचा भाग रॅचेटनेच फिरवावा, दोन-तीन टकटक झाली की थांबावं. थिंबल पकडून आवळला तर स्क्रू दाबात जातो आणि माप आपल्या ताकदीप्रमाणे बदलतं. एका जागी एकच माप घेऊन थांबू नये. शाफ्टवर जिथे बुश बसतो तिथे पुढे, मध्ये, मागे, आणि प्रत्येक ठिकाणी एकदा उभं, एकदा आडवं. उभ्या-आडव्यातला फरक म्हणजे ओव्हल, पुढच्या-मागच्यातला फरक म्हणजे टेपर. क्रँकच्या जर्नलला हेच करायचं असतं, कारण ग्राइंडिंग करून ०.२५ चं अंडरसाइज बेअरिंग बसेल की ०.५० च्या वर जावं लागेल, हे सगळ्यात झिजलेल्या जागेवर ठरतं.

आतला व्यास मोजणं बाहेरच्याहून अवघड. व्हर्नियरच्या वरच्या टोकदार जबड्यांनी बुशाचं भोक मोजण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्या जबड्यांना थोडी जाडी असते, गोल भिंतीला त्या सपाटीने टेकतात आणि भोक असल्यापेक्षा लहान दाखवतात. टेलिस्कोपिक गेज स्वस्त आहे: टी आकाराचं, दोन्ही हात स्प्रिंगने फाकतात, आत तिरपं घालून लॉक करून सरळ करत बाहेर काढायचं आणि मग मायक्रोमीटरने मोजायचं. कसलेला हात त्याने एक-दोन शतांशापर्यंत पोचतो; नवख्याची तीन मापं तीन तऱ्हेची येतात. वर्षाला मोजकेच बुश करणाऱ्याने ते घ्यावं. ज्याला दर पावसाळ्यात लायनर तपासायचे आहेत त्याने मात्र डायल बोअर गेजच घ्यावा. पन्नासच्या बुशाला ३५–६० ची रेंज, मोठ्या लायनरला ५०–१५० ची.

बोअर गेजला स्वतःचं माप माहीत नसतं. आपण मायक्रोमीटर ५०.०० वर लॉक करतो, त्याच्या तोंडांत गेज धरून डायलचा शून्य बसवतो, आणि मग गेज भोकात घालून पुढे-मागे झुलवतो. झुलवताना काटा एका बाजूला जातो, एका जागी थबकतो आणि परत फिरतो. जिथून परत फिरला तो खरा व्यास, कारण गेज भोकाला काटकोनात फक्त त्याच क्षणी असतो. काटा शून्याच्या तीन घरं मोठ्या बाजूला फिरला तर भोक ५०.०३. लायनरमध्ये ही मापं तीन उंचीवर घ्यायची आणि दोन दिशांनी, क्रँकच्या लांबीला समांतर आणि तिला आडवी. सर्वात जास्त झीज वर असते, जिथे वरची रिंग थांबून परत फिरते, कारण तिथे उष्णता आणि दाब जास्त आणि तेल कमी. म्हणून खाली माप घेऊन "लायनर चांगला आहे" म्हणणं धोक्याचं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, तापमानाची. मापाचं जगन्मान्य तापमान २० अंश सेल्सिअस आहे, १९३१ पासून. आपल्याकडे ते थंडीतल्या पहाटेच मिळतं. पण याने घाबरायचं कारण नाही. पोलादी मायक्रोमीटर आणि पोलादी शाफ्ट दोघं एकाच सावलीत तासभर पडले असतील तर दोघंही सारखेच फुगलेले असतात आणि चूक जवळजवळ फिटते. खरा घोटाळा होतो तो लेथवरून आत्ताच उतरलेल्या गरम जॉबमध्ये. स्टेनलेस स्टीलचा पन्नासचा शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर तो जवळपास १७ मायक्रॉन मोठा भरतो. टर्नरने गरम असताना ४९.९६ काढला आणि थंड झाल्यावर तो ४९.९४३ निघाला, म्हणजे मुभेच्या बाहेर. गन मेटलचा बुशही तितकाच फुगतो. म्हणून शेवटचा कट घेण्याआधी जॉब थंड होऊ द्यावा, आणि मायक्रोमीटर उन्हात, बोटीच्या फळीवर ठेवू नये.

व्यास बरोबर आला तरी शाफ्ट सरळ आहे का, हे वेगळंच. त्यासाठी डायल इंडिकेटर. शाफ्ट दोन व्ही ब्लॉकवर ठेवायचा, डायलचा पिन शाफ्टला बरोबर काटकोनात टेकवायचा आणि शाफ्ट हाताने हळूहळू फिरवायचा. काटा एकूण जितका हलला त्याच्या निम्मा शाफ्ट मध्यापासून सरकलेला असतो. इथे खरेदीच्या वेळी एक गोष्ट लक्षात येत नाही: डायलबरोबर मॅग्नेटिक स्टँड घेतात, आणि स्टेनलेसच्या शाफ्टला किंवा बोटीच्या लाकडाला चुंबक धरत नाही. वर्कशॉपच्या टेबलावर ठीक, पण बोटीत काम करायचं तर स्टँड इंजिनच्या बीडाच्या अंगाला लावावा लागतो, नाहीतर क्लँपने आवळायची एक जाड लोखंडी पट्टी बरोबर ठेवावी लागते. डायल ०.०१ चा, दहा मिलिमीटर चालणारा घ्यावा. एक मायक्रॉनचा डायल बोटीवर नुसता थरथरत राहतो.

आणि शेवटी सगळ्यात स्वस्त अवजार, फिलर गेज. टॅपेट सेट करायला ते प्रत्येक ड्रायव्हरकडे असतंच. गिअरबॉक्सचं कपलिंग आणि शाफ्टचं कपलिंग यांची तोंडं समांतर आहेत का, हेही तेच सांगतं. बोल्ट न आवळता दोन्ही फ्लँज जवळ आणायच्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पात्या घालून फट बघायची. ढोबळ नियम असा की फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाउपेक्षा जास्त फरक नसावा. चार इंची फ्लँजला चार थाउ, म्हणजे ०.१० मिमी. मग शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा तेच. फटीचा फरक शाफ्टबरोबर फिरला तर दोष कपलिंगमध्ये किंवा शाफ्टमध्ये. जागच्या जागी राहिला तर इंजिन पायावर उचलायला, सरकवायला हवं. इथे मायक्रोमीटर काही कामाचा नाही.

हे काम बोट किनाऱ्यावर असताना संपवता येत नाही. लाकडी बोट टेकूंवर एक आकार धरते आणि पाण्यात दुसरा. वर असताना केलेलं अलाइनमेंट फक्त सुरुवातीचं. बोट पाण्यात उतरवून, लाकूड फुगून बसल्यावर, डिझेल आणि पाण्याच्या टाक्या भरून पुन्हा पात्या घालाव्यात. नव्या बुशाचे बरेच बळी या पायरीला फाटा दिल्यामुळे जातात, आणि दोष मात्र टर्नरवर येतो.

आता खरेदी. माझा क्रम असा: १५० मिमीचं ०.०२ चं साधं व्हर्नियर, फिलर गेज, आपल्या जॉबच्या रेंजचे एक-दोन मायक्रोमीटर दांडीसकट, मग डायल आणि स्टँड, आणि त्यानंतर बोअर गेज. डिजिटल व्हर्नियर या यादीत मुद्दामच नाही. आपल्या खाऱ्या हवेत त्याचा बॅटरीचा कप्पा आधी गंजतो, आणि बरीच स्वस्त डिजिटल बंद ठेवूनही बॅटरी खात राहतात. घ्यायचंच असेल तर आयपी ६७ लिहिलेलं, पाणी-धूळ न शिरणारं घ्यावं. जपानच्या मितुतोयोचा दबदबा आहे आणि तो सार्थ आहे. येहान नुमाता यांनी १९३४ मध्ये ही कंपनी बौद्ध धर्मप्रसाराला पैसा उभा राहावा म्हणून काढली होती. पण त्या नावाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. पुण्याच्या बेकरचे डायल आणि गेज आपल्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत सगळं हाताळून बघता येतं, आणि हे अवजार हाताळूनच घ्यावं.

जुना मायक्रोमीटर मिळत असेल तर नाकारू नये. ०–२५ चा असेल तर तोंडं मिटवून उजेडासमोर धरा. मध्ये प्रकाशाची चीर दिसली तर तोंडं झिजलीत. थिंबल पूर्ण प्रवासभर फिरवून बघा, कुठे अडकतो, कुठे सैल होतो. जिथे रोज वापर झाला तिथेच स्क्रू झिजतो, म्हणून २५ ची दांडी बरोबर दाखवणारा मायक्रोमीटर मधल्या मापाला चुकू शकतो. बरोबर एखादा गेज ब्लॉक न्यावा. व्हर्नियरचे जबडेही असेच मिटवून उजेडासमोर धरायचे.

बोईसरच्या बड्या कारखान्याचं काम घेणाऱ्याला कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागितलं जातं, आणि ते एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं असावं लागतं. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही सरकारी संस्था हे काम करते. बोटीच्या मेकॅनिकला दर वर्षी प्रमाणपत्राची गरज नाही. पण एकदा तपासून आणलेला एक गेज ब्लॉक आणि त्याच्याशी दर महिन्याला ताडून बघायची सवय एवढं तरी हवंच. सातपाटीच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात तरुणांना डिझेल इंजिनची देखभाल शिकवतात. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलाने पहिल्या कमाईतून स्वतःचा मायक्रोमीटर घ्यावा असं मला मनापासून वाटतं. माप ज्याचं त्याने घेतलं की लेथवाल्याशी बोलणं बरोबरीचं होतं.

राहता राहिला खारा वारा. संध्याकाळी अवजार पेटीत टाकण्याआधी कोरड्या फडक्याने हाताचा घाम पुसावा, मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि मायक्रोमीटरची तोंडं मिलिमीटरभर उघडी ठेवून डबी बंद करावी. मिटलेल्या तोंडांमध्ये दमट हवा अडकली की गंज आधी तिथेच धरतो. लॉक सैल सोडावा. डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि पावसाळ्यात ती पुडी दर पंधरा दिवसांनी बदलावी.